उद्या विसरून मागे

निघण्याआधी अट ऐकून घ्या. गोष्टींमधले कालप्रवासी खिशात काहीतरी चोरून नेतात, उद्याचं वर्तमानपत्र नाहीतर शर्यतीतल्या घोड्याचं नाव. तुम्हाला ते जमणार नाही. ज्या दिवशी उतराल त्या दिवसापर्यंतचंच तुम्हाला ठाऊक असेल. पुढचा प्रत्येक पाऊस आणि प्रत्येक उघडीप पुसलेली. वावर एकच: नागपूरहून हिंगणा ओलांडल्यावर काळ्या मातीचे सहा एकर, बांधावर पळस आणि एक वाकडी बाभूळ. तिथे दरवेळी तुम्हाला एकच प्रश्न विचारतील. सरकी आज टाकायची, की थांबायचं?

उत्तर दिलंत की निकाल दाखवू. आधी नाही.

जून १८९९. मातीच्या भेगा अशा की करंगळी सोडा, अख्खा पंजा आत जाईल. मृग लागलाय. बांधावर एक म्हातारी टोपल्यात सरकी घेऊन बसली आहे आणि शेणमातीच्या काल्यात ती घोळवते आहे. सरकीला चिकटलेला कापूस असा बसवला नाही तर दाणे एकमेकांना धरून राहतात, सरत्यातून एकेक सुटत नाहीत. हात चालूच ठेवून ती विचारते, "पेरू का, बापू?"

तुमच्याकडे काय आहे? वारा नैर्ऋत्येचा आहे. मुंग्यांनी अंडी हलवली आहेत, असं म्हातारीचा नातू सांगतो. पलीकडे बुलढाण्याच्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडून धान्य ठेवतात आणि सकाळी ते पाहून वर्ष सांगतात, त्याचंही काहीबाही कानावर आलंय. शहरात एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू आहे, कापसाला भाव आहे, सावकाराने हात सैल सोडलाय. शिवाय सरकारी हवामान खात्याच्या जॉन इलियट साहेबांचा अंदाज पाऊस चांगला होईल असा आहे. खातं स्थापन होऊन चोवीस वर्षं झाली आहेत, म्हणजे अगदीच पोरवयाचं नाही.

तुम्ही म्हणता, पेरा.

निकाल: जुलै उघडा, ऑगस्ट उघडा. पुढचं वर्ष मध्य प्रांतात दुष्काळाचं. म्हातारीचं काय झालं ते तुम्ही विचारू नका.

पहिला गुण गेला. पण चूक कुठे झाली हे पाहायला थोडं वावराबाहेर जावं लागेल, नाइलाज आहे.

शिमला. १९०४ मध्ये खात्याच्या गादीवर गिल्बर्ट वॉकर आला आहे. गडी हवामानवाला नव्हे, केंब्रिजचा गणिती. बूमरँग फेकण्याचा इतका नाद की त्यावरून त्याला टोपणनाव पडलेलं. तुम्ही त्याच्या कचेरीत कारकुनांच्या रांगेत बसता. समोर आकड्यांच्या वह्या: मे अखेर हिमालयात साचलेला बर्फ, मॉरिशसचा वायुदाब, दक्षिण अमेरिकेचा वायुदाब, झांजिबारचा पाऊस. साहेब सांगतो, या आकड्यांचं आणि आपल्या पावसाचं गेल्या कित्येक वर्षांत कसं जुळत आलंय ते काढा. का जुळतं, ते विचारू नका. तुम्ही बेरीज, वर्ग, गुणाकार, भागाकार करत राहता. शाई संपते, आकडे संपत नाहीत. आज या कामाला आपण मोठी नावं देतो, पण मुळात ते हेच: मागचं पाहायचं, त्यातली जुळणी शोधायची आणि ती पुढे लावायची. शिकणारं यंत्र तेव्हाही होतं. धोतर-कोट घालून ते शिमल्याच्या थंडीत लेखणी चालवत होतं.

आता फ्रान्स, पहिलं महायुद्ध. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा इंग्रज. युद्धाला विरोध म्हणून बंदूक न घेता रुग्णवाहिका चालवतो. फावल्या वेळात तो वॉकरच्या नेमकं उलट करतो आहे. जुन्या नोंदींशी त्याला देणंघेणं नाही. हवा म्हणजे वाहणारा पदार्थ, तिला न्यूटनचे नियम लागू, उष्णतेचे नियम लागू. मग नियम मांडा, नकाशावर चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनातली हवा पुढच्या काही तासांत कुठे जाईल ते हाताने काढा. त्याने २० मे १९१० चा दिवस घेतला. तो दिवस तेव्हा होऊन गेलेला होता. तरी त्याने तो पुढे काय झालं हे माहीत नसल्यासारखा सोडवला. म्हणजे तुमचीच अट. सहा तासांच्या अंदाजाला कित्येक आठवडे गेले आणि उत्तर आलं की वायुदाब १४५ मिलीबारने बदलेल. प्रत्यक्षात तो जवळपास हललाही नव्हता. लढाईच्या धामधुमीत गणिताचे कागद हरवले ते काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ च्या पुस्तकात त्याने ही फसगत जशीच्या तशी छापली, आणि वर एक स्वप्न जोडलं: गोल नाट्यगृहात चौसष्ट हजार माणसं बसली आहेत, प्रत्येकाला एक चौकोन वाटून दिलाय, आणि ती सगळी हवामानाच्या बरोबरीने गणित करताहेत.

एकाकडे वही होती, दुसऱ्याकडे नियम. पुढची शंभर वर्षं या दोघांनी एकमेकांकडे फारसं पाहिलंच नाही, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे.

१९६५. अंबाझरी तलावाच्या दक्षिणेला विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय उभं आहे, सुरू होऊन अवघी पाच वर्षं झालेलं. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून खोली जराशी गार केलेली. तुमच्या हातात स्लाइड रूल. वावर सोडून इथे का आणलं, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. कारण हा आहे: समोरच्या टेबलावर मध्य भारताचा नकाशा पसरा आणि त्यावर रिचर्डसनसारखे चौकोन आखा. एका चौकोनात नागपूर ते अमरावती मावते, सुमारे दीडशे किलोमीटर. त्यात गोरेवाडा, सातपुड्याची पायथ्याची रांग, वर्धा नदी, सगळ्यांचं मिळून एकच तापमान आणि एकच वारा. शेजारचा मुलगा म्हणतो, हे बरोबर नाही, चौकोन अर्धे करा. करा. उभे दुप्पट, आडवे दुप्पट, म्हणजे चौकोन चौपट झाले. आणि आता वारा एका चौकोनातून दुसऱ्यात अर्ध्या वेळात पोचतो, तेव्हा पाऊलही अर्ध्या वेळाचं टाकावं लागतं, नाहीतर गणित उधळतं. चार दुणे आठ. चौकोन निम्मा केला की काम आठपट. पुन्हा निम्मा केला की चौसष्टपट. स्लाइड रूल खाली ठेवा.

याच कॉलेजातून १९६५ साली बी.ई. होऊन बाहेर पडला तो अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचा मुलगा, विजय भटकर. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संस्था निघाली तेव्हा तिची सूत्रं त्याच्याकडे आली. पार्श्वभूमी आपल्याच प्रश्नाची होती: मान्सूनच्या गणितासाठी भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला, तिकडून हवा तो दमदार मिळाला नाही, दिल्लीला लहान भावंड आलं, तेही अटींसकट. १९९१ मध्ये सी-डॅकचा 'परम ८०००' महासंगणक उभा राहिला. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी स्वाभिमानाची म्हणून सांगतात, तशी ती आहेच. मला तिच्यात जास्त दिसतं ते आठपटीचं ओझं. अमरावतीएवढ्या चौकोनातून वावरापर्यंत यायचं तर दर पायरीला आठ. नुसती यंत्रं वाढवत या जिन्यावर किती चढणार?

त्या उन्हाळ्याचा निकाल विचारायचा राहिला. १९६५ च्या पावसाने देशभर दगा दिला. तुम्ही पेरा म्हणाला असतात.

जून २००२. पुन्हा वावर. म्हातारीच्या खापरपणतवाने नवा पंप बसवलाय, बियाणं आता पाकिटात येतं, शेणात घोळायची गरज उरलेली नाही. बांधावर रेडिओ. हवामान खात्याचा अंदाज, पाऊस सरासरीइतका. हा अंदाज वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून सुरू केलेल्या सोळा घटकांच्या सूत्राचा. वॉकरचीच वही, पण जाडजूड आणि नीट बांधलेली. कुठला समुद्र किती तापला, हिमालयात बर्फ किती, कुठे दाब किती असे सोळा घटक आणि त्यांची मागच्या पावसाशी घातलेली गाठ. चौदा वर्षं त्या सूत्राने खात्याची लाज राखली. महाराष्ट्रात तर 'सोळा घटक' हा शब्द पानाच्या टपरीवरही चालायचा.

मृग कोरडा जात नाही, दोन सरी पडतात. शेजारच्या वावरात तिफण चाललीय. खापरपणतू म्हणतो, "पहा भाऊ, सारे पेरून राहिले. आपनच काऊन बसाव?"

पेरा, म्हणता.

निकाल: त्या जुलैत देशात सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस झाला. उगवलेले कोंब तापले, वाळले. दुबार पेरणी. ज्यांच्याकडे दुसऱ्यांदा बियाण्याला पैसे होते त्यांची दुबार, बाकीच्यांची नाही. खात्याने सूत्र बदललं.

तुम्ही आता वैतागलात. दरवेळी हरायलाच आणलंय का? थोडं तसंच. पण आता नाव सांगून टाकतो. तुम्ही जे करताय, एखाद्या जुन्या वर्षाच्या मे महिन्यात पुढचं काहीही माहीत नसताना जाऊन उभं राहायचं, अंदाज द्यायचा आणि मग निकालाशी ताडून पाहायचा, याला हवामानशास्त्रात हिंडकास्ट म्हणतात. कुठल्याही मॉडेलला अंदाज सांगायला बसवण्याआधी याच वाटेने पाठवावं लागतं. यात एक मेख आहे. तुम्हाला एका उन्हाळ्यात पाठवून चालत नाही. एक बरोबर आलं तर तो नवसाचा कौल झाला. वीस, तीस, चाळीस वर्षांच्या मेमध्ये पाठवायला हवं, आणि प्रत्येक मेमध्ये एकदा नव्हे, अनेकदा. सुरुवातीची हवा दरवेळी किंचित वेगळी धरून. तेव्हा कुठे कळतं की 'थांबा' म्हणणाऱ्याचं 'थांबा' किती वेळा खरं ठरतं. नियमांचं मॉडेल महासंगणकावर चालायला तासन्‌तास लागत असतील तर एवढे फेरे परवडत नाहीत. सिम्युलेशन वेगवान व्हावं याचं खरं मोल इथे आहे. उद्याचा अंदाज दोन तास आधी हातात पडला काय आणि नंतर पडला काय. हजारदा मागे जाता येणं ही गोष्ट वेगळी आहे.

आता एका थांब्यावर सरकीचा प्रश्न नाही.

२३ सप्टेंबर २०२३, पहाट, अंबाझरी. १९६५ मध्ये तुम्ही ज्या बाजूला नकाशा पसरला होता तिथून फार दूर नाही. पाण्याचा आवाज आधी येतो, मग पाणी. तलाव सांडव्यावरून आणि पाळीवरून वाहतोय, नाग नदी आपली वाट विसरलीय. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी. तळमजल्याचं दार बाहेरून कुणीतरी ढकलावं तसं पाण्याने ढकललं जातं, फ्रिज आडवा होऊन तरंगतो. मोरभवनात एसटी बसेस खिडक्यांपर्यंत बुडाल्या आहेत. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत शहरात शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळला. पलंगावर चढून तुम्ही विचारता, एवढं मोठं गणित करणाऱ्यांना हे दिसलं कसं नाही?

चौकोन आठवा. त्या दिवशी देशाचं मुख्य जागतिक मॉडेल बारा-साडेबारा किलोमीटरच्या चौकोनांचं होतं. हा ढग त्या चौकोनाच्या पोटातला. नियमांना चौकोनाच्या पोटातलं दिसत नाही, म्हणून प्रत्येक मॉडेलमध्ये शास्त्रज्ञ ठोकताळे बसवतात: हवा इतकी दमट आणि खालून इतकी तापलेली असेल तर समजा की आत कुठेतरी ढग उभा राहिला आणि इतका बरसला. हो, ठोकताळेच. हवेच्या गतीचे नियम पक्के आणि ढगांचे ठोकताळे, अशी प्रत्येक हवामान-मॉडेलची जोडगोळी असते. चुका बहुतेक दुसऱ्याच्या, आणि गणिताचा पुष्कळ वेळही त्याच बाजूला जातो. सूर्यकिरण आणि जमिनीची उष्णता थराथरांतून कशी जाते हे मोजणं इतकं जड की अनेक मॉडेलं ते प्रत्येक पावलाला न मोजता अधूनमधून मोजतात आणि मधल्या काळात जुन्यावर भागवतात.

गंमत म्हणजे वहीवाले आणि नियमवाले पहिल्यांदा भेटले ते याच जड जागी. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही जणांना सुचलं की किरणांचं खरं गणित हजारो वेळा करून घ्यावं, आणि त्याची उत्तरं पाहून एक न्यूरल नेटवर्क तयार करावं. मग मॉडेलने मूळ गणिताऐवजी या शागिर्दाला विचारावं. अमेरिकेत क्रास्नोपोल्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की शागीर्द पन्नास ते ऐंशी पट लवकर उत्तर देतो, आणि मॉडेलला फरक जाणवत नाही. त्यावर फार टाळ्या पडल्या नाहीत. आपल्याकडेही मुख्य भर यंत्रं आणि चौकोन सुधारण्यावर राहिला: २०१८ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 'प्रत्यूष' महासंगणक, २०२४ मध्ये 'अर्क', आणि मे २०२५ पासून सहा किलोमीटर चौकोनाचं भारत फोरकास्ट सिस्टम. सहा किलोमीटर म्हणजे सीताबर्डीपासून सोनेगाव विमानतळ, साधारण तेवढं. याचं मोल कमी लेखू नका. त्या पहाटेचं पाणी पाहिल्यावर तर नाहीच.

पाणी ओसरायला वेळ आहे. आठ महिने पुढे चला.

३० मे २०२४, रामदासपेठ. नवतपा चालू आहे. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतातलं स्वयंचलित केंद्र आकडा दाखवतं: ५६ अंश. बातमी आगीसारखी पसरते. देशातला विक्रम राजस्थानात फलोदीचा, २०१६ चा, ५१ अंश. पृथ्वीवरचा मान्य विक्रम डेथ व्हॅलीचा, १९१३ चा, ५६.७. म्हणजे धरमपेठेत कूलरमध्ये पाणी भरणारा माणूस जगाच्या विक्रमापासून पाऊण अंशावर! त्याच दुपारी आसपासच्या काही केंद्रांवर पारा चव्वेचाळीसच्या घरात होता. हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडलाय.

हसून झालं असेल तर थांबा जरा. तो आकडा खोटा हे तुम्हाला कसं कळलं? वहीवरून नव्हे, वहीत तर तो लिहिलेला आहे. तुम्हाला कळलं कारण एका शहराची हवा शेजारच्या हवेपासून बारा अंश तुटून राहत नाही, ती वाहते, मिसळते. नियमावरून कळलं. नुसत्या वहीवर शिकलेल्या यंत्राला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. त्याला ५६ दाखवा, ते म्हणेल बरं. २०२३ मध्ये नुसत्या नोंदींवर तयार झालेली पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट ही मॉडेलं जगभर गाजली; ग्राफकास्ट दहा दिवसांचा अंदाज मिनिटभरात देतं, आणि बहुतेक कसोट्यांवर ते अव्वल ठरलं. मी त्यांना कमी म्हणत नाही. पण त्यांच्यात बसलेला वॉकर का हा प्रश्न विचारत नाही, आणि पंधरवड्यापलीकडे जायचं, ऋतू ओळखायचा, तर कुणीतरी तो विचारायला लागतो.

जुलै २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये गूगलच्या शास्त्रज्ञांचं न्यूरल-जीसीएम प्रसिद्ध झालं. त्याची रचना कळायला तुम्हीच त्यात शिरा, दुसरा मार्ग नाही. तुम्ही आता वाऱ्यावर आहात, पृथ्वीच्या अंगावर घातलेल्या चौकोनांपैकी एकात. चौकोन मोठाच आहे, सगळ्यात बारीक आवृत्तीतही नागपूर ते वर्धा मावेल एवढा. तुम्हाला पुढच्या चौकोनात ढकलतात ते रिचर्डसनचेच नियम: दाब, उष्णता, पृथ्वीचं फिरणं. त्यात काही बदल नाही. पण प्रत्येक पावलाला, तुमच्या डोक्यावरच्या हवेच्या खांबात काय घडलं, ढग आला का, किती बरसला, किती तापलं, हे सांगायला ठोकताळ्यांच्या जागी एक न्यूरल नेटवर्क बसलंय. तुम्ही सहा तास पुढे जाता आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहता. चुकलेलं आहे. आता ती चूक उलट्या दिशेने निघते. शेवटच्या पावलातून आधीच्या पावलात, नियमांच्या आरपार, प्रत्येक पावलाला विचारत की माझ्यात तुझा वाटा किती, आणि जिथे वाटा सापडेल तिथे नेटवर्कचा कान पिळत. मग पुन्हा पुढे. हळूहळू सहा तासांचे पाच दिवस होतात. या प्रवासात खरोखर काळात मागे जाणारं कुणी असेल तर ती ही चूक आहे. तुम्ही तर नुसते उतारू.

इथली नवलाई मला वेगात दिसत नाही, कान पिळण्याच्या पद्धतीत दिसते. जुन्या शागिर्दाला उस्तादाच्या उत्तराची नक्कल करायची होती. म्हणून उस्तादाच्या चुकाही तो इमानाने उचलायचा. हा नवा शागीर्द नियमांच्या सोबत, त्यांच्याच गाडीला जुंपून शिकतो. वाऱ्याला आपल्या उत्तराचं पुढे काय होतं ते त्याला कळतं.

वेगही आहेच. तीन किलोमीटर चौकोनाच्या एका अमेरिकी मॉडेलला वर्षभराची हवा चालवायला तेरा हजार प्रोसेसर लावून वीस दिवस लागतात, न्यूरल-जीसीएमला एका चिपवर सुमारे आठ मिनिटं. ही तुलना गूगलची, आणि ती जरा कुस्तीच्या आखाड्यात उंटाला उतरवण्यासारखी आहे: एकाचे चौकोन तीन किलोमीटरचे, दुसऱ्याचे दीडशेच्या आसपास. अंबाझरीची पहाट या आठ मिनिटांत दिसणार नाही. फारच तापलेल्या, वहीत कधी न आलेल्या जगात हे मॉडेल किती टिकेल याचीही त्याच्या कर्त्यांनी खात्री दिलेली नाही. पण आठ मिनिटं म्हणजे चाळीस वर्षांचे मे महिने एका दिवसात पुन्हा पुन्हा. तुम्ही आज जे एक-एक करून दमलात, ते.

जून २०२५. वावर. मे महिन्यातच आभाळाने घाई केली. मान्सून २४ मेला केरळात आला आणि २६ तारखेला मुंबईत, पाऊणशे वर्षांत तिथे इतक्या लवकर कधी आला नव्हता. टीव्हीवर छत्र्या, गुडघाभर पाणी, उत्साही निवेदक. हिंगण्याकडेही सरी पडून गेल्या. बांधावर आता म्हातारीच्या वंशातली एक सून उभी आहे, पदर कमरेला खोचलेला, हातात मोबाइल. नवरा तिफणीला दोर बांधतोय. गावात अर्ध्या लोकांनी धूळपेरणी उरकली आहे.

मोबाइलवर एम-किसानचा मेसेज आला आहे, मराठीत. त्या हंगामात केंद्राच्या कृषी मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या ३ कोटी ८८ लाखांवर शेतकऱ्यांना असे मेसेज पाठवले, पाच भाषांमध्ये. स्थानिक पाऊस खऱ्या अर्थाने कधी सुरू होईल, हे चार आठवड्यांपर्यंत आधी सांगणारे. त्यामागे तिघे एकत्र बसलेले होते: न्यूरल-जीसीएम, युरोपीय हवामान केंद्राचं नुसत्या नोंदींवर शिकलेलं एआयएफएस, आणि आपल्या हवामान खात्याच्या सव्वाशे वर्षांच्या पावसाच्या नोंदी. म्हणजे रिचर्डसन आणि वॉकर एका गाडीत, आणि चालकाच्या शेजारी वॉकरच्या कारकुनांच्या त्याच वह्या. म्हातारी त्या वह्यांत नाही. पण तिचा पाऊस कुठेतरी मोजलेला होता.

"काय म्हन्ते?" नवरा दोर न सोडता विचारतो.

"थांबाव म्हन्ते."

"मुंबईले त पूर येऊन राहिला."

"मुंबईत कापूस आहे का आपला?"

तो तुमच्याकडे पाहतो. तुम्ही दोनदा चुकलेले. आभाळ भरलेलं आहे, वारा नैर्ऋत्येचा, मुंग्या याही वर्षी अंडी हलवताहेत. कृषी खात्याचा जुना सल्ला आठवतो, पंचाहत्तर ते शंभर मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तुम्ही म्हणता, थांबा.

निकाल: मान्सून जिथे होता तिथेच अडून बसला. साधारण वीस दिवस. विदर्भाचा मोठा भाग जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहत राहिला, आणि त्या अडण्याची खूण अंदाजात आधीच उमटलेली होती. नंतर मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये किसान कॉल सेंटरमधून फोन करून विचारलं तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं की त्यांनी मशागत, पेरणीची वेळ असं काहीतरी बदललं. उरलेल्यांनी नाही बदललं. त्यांना दोष देणारे आपण कोण? १८९९ पासून आलेल्या प्रत्येक अंदाजाची आठवण घराण्यात असतेच की.

गुण मिळाला, एक. तिनांत एक.

शेवटचा थांबा येत्या मृगाचा. अट तीच, पुढचं काही माहीत नाही. फरक इतकाच की उत्तर दिल्यावर निकाल दाखवायला इथे कुणी नाही. सून मोबाइलवर बोट फिरवते, मेसेज वाचते, पुन्हा वाचते. मग मोबाइल कमरेला खोचून वाकते, खुरप्याने वीतभर माती उकरते, मूठभर माती दाबून गोळा करते. गोळा होतो. आणखी वीतभर खालची घेते. तो फुटतो.

"खालून कोरडीच आहे अजून," ती म्हणते, आणि चहा टाकायला घराकडे वळते.